मोठ्या कुटुंबाची मोटार : पेट्रोल कीं डिझेल?

घरांत मोटार घ्यावयाची ठरली, म्हणजे तिच्या रंगाविषयीं, तिच्या बैठकींविषयीं आणि तिच्यांत बसून प्रथम कोणत्या देवाच्या दर्शनास जावयाचें ह्याविषयीं जितकी चर्चा होते, तितकी तिच्या इंजिनाविषयीं होत नाहीं. लहान गाडीच्या बाबतींत हें एक वेळ चालून जातें. परंतु आजी-आजोबा, दोघे भाऊ, त्यांच्या पत्नी व मुलें अशा सात-आठ माणसांच्या कुटुंबासाठीं मोठी गाडी घ्यावयाची, तेव्हां घराच्या खालोखाल मोठा असा तो खर्च असतो. ती एकदां दारांत आली कीं दहा-बारा वर्षें हलत नाहीं. आणि तिच्या पोटांत कोणतें इंजिन आहे, ह्यावर त्या सगळ्या वर्षांचा दरमहाचा खर्च, दुरुस्तीचा ताप आणि कांहीं अंशीं घरांतील वृद्धांचें व मुलांचें आरोग्यहि अवलंबून असतें.

पुष्कळ घरीं ह्या प्रश्नाचा निकाल दोन वाक्यांत लागतो. 'डिझेल स्वस्त पडतें,' असें एकजण म्हणतो. 'डिझेलला आतां भवितव्य नाहीं,' असें दुसरा म्हणतो. मग ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचे पैसे अधिक, त्याचें मत खरें ठरतें. वस्तुतः हीं दोन्हीं विधानें अर्धवट खरीं आहेत. तेंच इंजिन एका घरास वरदान आणि शेजारच्या घरास डोकेदुखी ठरूं शकतें. कारण फरक इंजिनापेक्षां घराच्या राहणींत अधिक असतो. गाडी वर्षांत किती धांवणार आणि एका दमांत किती धांवणार, हे दोन आंकडे ज्या घरास ठाऊक आहेत, त्यास दुसऱ्या कोणाच्या सल्ल्याची फारशी गरज उरत नाहीं. हे आंकडे कसे काढावे आणि त्यांवरून निर्णय कसा करावा, तें येथें सांगावयाचें आहे.

दोन इंजिनांची प्रकृति

दोन्हीं इंजिनें इंधन जाळूनच चालतात. भेद आहे तो पेटविण्याच्या रीतींत. पेट्रोल इंजिनांत हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें दाबलें जातें आणि योग्य क्षणीं स्पार्क प्लगची ठिणगी पडून तें पेट घेतें. निकोलाउस ओटो ह्या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं ह्या चार टप्प्यांच्या इंजिनास व्यवहार्य रूप दिलें. डिझेल इंजिनांत ठिणगी नाहीं. तेथें नुसती हवा आपल्या मूळच्या आकाराच्या पंधराव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोंक गरम होतें, हें मुलांनाहि ठाऊक असतें. तोच प्रकार येथें इतक्या मोठ्या प्रमाणावर होतो कीं हवा पांचशें अंशांच्या वर तापते, आणि तिच्यांत इंधनाचे सूक्ष्म तुषार सोडतांच तें आपोआप पेटतें. रुडॉल्फ डिझेल ह्यानें १८९२ सालीं ह्या कल्पनेच्या पेटंटसाठीं अर्ज केला आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग त्यानें कामास लावला. त्या काळचें वाफेचें इंजिन ह्याच्या जवळपासहि येत नव्हतें.

ह्या एका भेदांतून दोघांचे गुणदोष निघतात. एवढा दाब सहन करावयाचा म्हणून डिझेल इंजिन जाड, जड व महाग करावें लागतें. तें आवाज अधिक करतें आणि थरथरतेंहि अधिक. उलट, कमी गतींतच तें जोरानें ओढूं लागतें आणि इंधन थोडें खातें. शिवाय एक लिटर डिझेलमध्यें एक लिटर पेट्रोलपेक्षां शेंकडा दहा-बारा भाग ऊर्जा अधिक असते. पेट्रोल इंजिन हलकें, शांत व स्वस्त असतें. थंड असतांनाहि तें चटकन् कामास लागतें, पण ओझें वाढलें कीं त्याची भूकहि वाढते. एक टांग्याचा घोडा आणि दुसरा मोटेचा बैल, असें म्हटलें तरी चालेल. दोघांत श्रेष्ठ कोण, असा प्रश्न शहाणा माणूस विचारीत नाहीं. काम कोणतें, असें विचारतो.

महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांस डिझेल इंजिनाची ओळख झाली, ती मोटारीमुळें नव्हे, तर विहिरीवरच्या पंपामुळें. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि तिचीं इंजिनें पुढें खेडोपाडीं मळ्यांतून धडधडूं लागलीं. तासन्‌तास एका गतीनें राबावयाचें असेल तर डिझेलच, ही गोष्ट शेतकऱ्यांनीं तेव्हांच ओळखली होती. शहरांतील मोटार-मालक मात्र ती मध्यंतरीं विसरले. असें कां झालें, हेंहि समजून घेण्यासारखें आहे.

स्वस्त डिझेलचा काळ

१९९४ सालीं टाटांची 'सुमो' बाजारांत आली. २००० सालीं टोयोटाची 'क्वालिस' व महिंद्रांची 'बोलेरो', २००२ सालीं 'स्कॉर्पिओ' आणि २००५ सालीं 'इनोव्हा' आली. ह्या गाड्या प्रामुख्यानें डिझेलवरच खपल्या, आणि मोठी गाडी म्हणजे डिझेलची गाडी असें समीकरण घरोघरीं बसून गेलें. ह्याचें अर्धें कारण इंजिनाच्या जोरांत होतें, आणि अर्धें सरकारी धोरणांत. मालमोटारी, एस.टी. व शेतीचे पंप डिझेलवर चालतात. तेव्हां महागाई भडकूं नये म्हणून सरकार डिझेलचा भाव दाबून ठेवीत असे. जून २०१० मध्यें पेट्रोलचा भाव बाजारावर सोपविला गेला, पण डिझेलचा तसाच बांधलेला राहिला. मे २०१२ मध्यें दिल्लींत दोहोंच्या भावांतील अंतर लिटरमागें ३० रुपयांच्या वर गेलें. शेतकऱ्यासाठीं व एस.टी.च्या उतारूंसाठीं राखलेल्या स्वस्ताईचा लाभ अशा रीतीनें शहरांतील मोठ्या मोटारींनीं घेतला.

ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचा भावहि मोकळा झाला आणि तें अंतर आटत गेलें. परंतु 'डिझेल स्वस्त' ही समजूत मात्र गेल्या सालच्या पंचांगासारखी पुष्कळ घरांत खुंटीवर टांगलेली आहे. तें पंचांग पाहून आजचा मुहूर्त काढण्यांत अर्थ नाहीं.

दुसरा धक्का धुराच्या प्रश्नानें दिला. डिसेंबर २०१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली व भोंवतालच्या प्रदेशांत २००० सी.सी. व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबविली. किंमतीच्या शेंकडा एक इतका पर्यावरण-आकार भरण्याच्या अटीवर ती ऑगस्ट २०१६ मध्यें पुन्हा सुरू झाली. १ एप्रिल २०२० पासून सर्व देशांत 'भारत स्टेज सहा' हे कडक नियम लागू झाले. ते पाळावयाचे तर डिझेल गाडीस महागडी शुद्धीकरणाची यंत्रणा जोडणें भाग होतें. म्हणून मारुतीनें त्याच सुमारास डिझेल मोटारी करणें सोडून दिलें. २०२२ च्या अखेरीस पुढें आलेल्या 'इनोव्हा हायक्रॉस'ला तर डिझेल इंजिन दिलेंच नाहीं. तरी डिझेल संपलें असें नव्हे. मोठ्या व जड गाड्यांत तें टिकून आहे, आणि योग्य घरीं तें आजहि उत्तम काम देतें. प्रश्न इतकाच कीं तें योग्य घर आपलें आहे काय?

वही-पेन्सिलीचा हिशेब

ह्याचें उत्तर प्रथम वही-पेन्सिल घेऊन काढावें. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपल्या गांवचे भाव व आपल्या पसंतीच्या गाडीचे आंकडे घालावे. रीत तीच राहते.

समजा, सात माणसांच्या एकाच गाडीचे दोन प्रकार आहेत आणि डिझेलची गाडी दीड लाख रुपयांनीं महाग आहे. पेट्रोल १०० रुपये व डिझेल ९० रुपये लिटर आहे. पेट्रोलची गाडी लिटरमागें १२ किलोमीटर जाते आणि डिझेलची १५ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरमागें पेट्रोलला ८ रुपये ३३ पैसे आणि डिझेलला ६ रुपये खर्च येतो. बचत २ रुपये ३३ पैशांची. ह्या बचतींतून दीड लाख रुपये भरून निघण्यास गाडी सुमारें ६४,००० किलोमीटर धांवली पाहिजे.

ज्या घरची गाडी वर्षांत २५,००० किलोमीटर धांवते, तेथें हे पैसे सुमारें अडीच वर्षांत सुटतात आणि पुढें निव्वळ नफा उरतो. ज्या घरची गाडी ८,००० किलोमीटरच धांवते, तेथें आठ वर्षें लागतात. पण हिशेब येथें संपत नाहीं. तेच दीड लाख रुपये बँकेंत शेंकडा ७ व्याजानें ठेवले असते, तर पहिल्याच वर्षीं १०,५०० रुपये मिळाले असते. ८,००० किलोमीटर धांवणाऱ्या घरची इंधनांतील वार्षिक बचत सुमारें १८,७०० रुपये. तिच्यांतून हें व्याज वजा घातलें तर हातीं जेमतेम ८,२०० राहतात. चक्रवाढीनें मांडलें तर मूळ रक्कम फिटण्यास बारा वर्षें उलटतात. तोंवर गाडी म्हातारी झालेली असते आणि तिच्यांत शाळेंत जाणारा मुलगा नोकरीस लागलेला असतो. पहिल्या घरीं मात्र व्याज धरूनहि तीन वर्षांच्या आंत हिशेब पुरा होतो.

किंमतींतील फरक पाहतांना दुकानांतील किंमत न पाहतां गाडी रस्त्यावर येईपर्यंतची किंमत पाहावी. महाराष्ट्रांत खाजगी डिझेल मोटारीवरील एकरकमी कराचा दर पेट्रोलच्या मोटारीपेक्षां शेंकडा दोननें अधिक आहे. वीस लाखांच्या गाडीवर हा फरकच ४०,००० रुपयांचा होतो. विम्याचा हप्ता व वार्षिक देखभालीचा अंदाजहि विक्रेत्याकडून दोन्हीं प्रकारांसाठीं लेखी मागून घ्यावा. तोंडी आश्वासनावर विसंबूं नये.

ज्यांचे चिरंजीव वा कन्या नोकरीनिमित्त दिल्ली, गुरुग्राम किंवा नोएडा येथें राहतात व गाडी पुढें-मागें तिकडे जाण्याचा संभव आहे, त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या प्रदेशांत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांस बंदी करणारा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें दिला होता, व ऑक्टोबर २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तसेंच फर्माविलें. ऑगस्ट २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें अशा मालकांवर सक्तीची कारवाई करूं नये असा अंतरिम आदेश दिला, हें खरें. परंतु नियम असे हेलकावे खात असतां डिझेल गाडीच्या उत्तरायुष्याविषयीं फार मोठी भरंवशाची गणना करणें धोक्याचें आहे.

पेट्रोलच्या बाजूसहि एक वजाबाकी आहे. आपल्याकडील पेट्रोलमध्यें आतां शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. आपल्या पश्चिम महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांना त्यामुळें नवी बाजारपेठ मिळाली, ही समाधानाची गोष्ट. पण इथेनॉलच्या एका लिटरमध्यें पेट्रोलपेक्षां सुमारें एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून अशा मिश्रणांत शुद्ध पेट्रोलच्या मानानें शेंकडा सहा-सात ऊर्जा कमी भरते आणि गाडीचें मायलेज थोडें उतरतें. तेव्हां पेट्रोल गाडीचा हिशेब करतांना जाहिरातींतील आंकडा न घेतां, तीच गाडी वापरणाऱ्या दोन-तीन परिचितांस विचारून खरा आंकडा घ्यावा. जुनी पेट्रोल गाडी विकत घेणार असल्यास ती ह्या मिश्रणास योग्य आहे कीं नाहीं, हें तिच्या माहितीपुस्तकांत अवश्य पाहावें.

काजळीची गाळणी

किती धांवते ह्याहून कशी धांवते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. आणि तोच घरच्या चर्चेंत बहुधा राहून जातो. थोरले बंधू कोंकणांतल्या कुलदैवताच्या यात्रेचा हिशेब मांडतात, धाकटे महाबळेश्वरच्या सहलीचा. अशा वेळीं माजघरांतून एखादी वहिनी विचारते, "भाऊजी, तो प्रवास वर्षांतून दोनदां व्हायचा. रोज सकाळीं मुलांना शाळेंत सोडायचें, मामंजींना दवाखान्यांत न्यायचें, मंडईंतून भाजी आणायची, ह्या फेऱ्या कोणत्या इंजिनानें करायच्या?" प्रश्न साधा दिसतो, पण सगळा निर्णय त्यांत आहे.

सन २०२० नंतरच्या डिझेल मोटारीच्या धुराच्या नळींत एक गाळणी बसविलेली असते. कारखान्यांतील मंडळी तिला 'डीपीएफ' म्हणतात. धुरांतील काजळी ती अडवून धरते. ही काजळी सांचत जाते, व वेळोवेळीं ती गाळणींतच जाळून टाकावी लागते. त्यासाठीं गाळणी सुमारें ६०० अंशांपर्यंत तापली पाहिजे. गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटें एकसारख्या वेगानें धांवली म्हणजे हें काम आपोआप होतें. चालविणारास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. परंतु शाळा दोन किलोमीटरवर, मंडई तीन किलोमीटरवर, आणि मध्यें चार चौक, अशा फेऱ्यांत इंजिन पुरतें तापतें न तापतें तोंच तें बंद केलें जातें. सफाई सुरू होते आणि अर्धवट राहते. त्या खटाटोपांत जास्त सोडलेलें डिझेल इंजिनाच्या तेलांत उतरून तेल पातळ करतें. कांहीं दिवसांनीं समोरच्या फळीवर एक दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष झालें तर गाडी आपली शक्ति आपणच आंखडून घेते आणि तिला कारखान्यांत नेऊन गाळणी साफ करून घ्यावी लागते. गाळणीच बदलण्याची पाळी आली, तर इंधनांत वर्षानुवर्षें वांचविलेले पैसे एका बिलांत जातात.

कित्येक मोठ्या डिझेल गाड्यांत ह्याशिवाय यूरियाच्या द्रावणाची एक निराळी टांकी असते. धुरांतील नायट्रोजनचे विषारी वायु त्या द्रावणानें निरुपद्रवी होतात. ती टांकी वेळेवर भरावी लागते. रिकामी होऊं दिली तर गाडी पुन्हा चालूच होत नाहीं अशी तजवीज केलेली असते. हीं कामें कठीण नाहींत. परंतु चार जणांनीं चालवावयाच्या गाडीचें प्रत्येक काम दुसरा करील असें प्रत्येकास वाटतें, हा एकत्र कुटुंबाचा जुना अनुभव आहे. डिझेल गाडी घ्यावयाची तर तिचें पालकत्व एका व्यक्तीकडे नेमून द्यावें. आणि ती शहरांतच अडकून पडत असेल, तर आठवड्यांतून एकदां तिला हमरस्त्यावर अर्धा तास एका वेगानें धांववून आणावें.

पेट्रोल इंजिनास हे सोपस्कार फारसे नाहींत. आखूड फेऱ्या त्यासहि मानवतात असें नाहीं. थंड इंजिन अधिक इंधन खातें व झिजतेंहि अधिक. पण त्याची तक्रार मुकी असते आणि तिचें बिल लहान असतें.

घाट, ओझें आणि सामान

आतां डिझेलची उजळ बाजू. सात माणसें, त्यांच्या पिशव्या, छतावर बांधलेल्या दोन बॅगा आणि समोर कुंभार्लीचा किंवा ताम्हिणीचा घाट, असा प्रसंग आला म्हणजे डिझेल इंजिनाचें मोल कळतें. गाडीला पुढें ढकलणारा जो पिळाचा जोर, तो डिझेलमध्यें कमी गतींतच हातीं येतो; म्हणून वारंवार गिअर बदलावे लागत नाहींत व इंजिन ओरडत नाहीं. साध्या पेट्रोल इंजिनास तोच चढ चढतांना फार गतीनें फिरावें लागतें आणि इंधनाचा कांटा डोळ्यांदेखत खालीं येतो. नव्या टर्बो पेट्रोल इंजिनांनीं जोराची ही उणीव बरीचशी भरून काढली आहे; पण भरल्या गाडींत घाट चढतांना तींहि भरपूर पेट्रोल पितात. ज्यांचें मूळ घर कोंकणांत व नोकरी देशावर आहे, जे दर पंधरवड्यास आई-वडिलांना भेटावयास घाट उतरतात, ज्यांची शेती तालुक्याला आणि बिऱ्हाड शहरांत आहे, त्यांनीं डिझेल घ्यावें. त्यांना तें लाभेल. त्यांच्या गाळणीची सफाई त्यांच्या रस्त्यावरच होत राहते.

एवढें मात्र तपासावें, कीं हे प्रवास खरोखर घडतात, का घडावेत अशी केवळ इच्छा आहे. वर्षांतून दोनदां घाट चढावयाचा, म्हणून उरलेले तीनशें साठ दिवस बैल टांग्यास जुंपूं नये. त्या दोन प्रवासांचें जास्तीचें पेट्रोल दोन-तीन हजारांत भागतें.

धूर आणि घरचीं माणसें

जून २०१२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें डिझेलच्या धुराची गणना माणसास निश्चितपणें कर्करोगकारक असणाऱ्या पदार्थांत केली. तेव्हांपासून आजपर्यंत इंजिनांत मोठी सुधारणा झाली, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. डिझेल मोटारीनें किलोमीटरमागें किती काजळी सोडावी, ह्याची मर्यादा 'भारत स्टेज चार' मध्यें २५ मिलिग्रॅम होती. 'भारत स्टेज सहा' मध्यें ती साडेचारवर आली. नायट्रोजनच्या वायूंची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅमपर्यंत उतरली. म्हणजे नवी, नीट राखलेली डिझेल गाडी ही पूर्वीची काळा धूर ओकणारी गाडी नव्हे.

पण ह्याचा दुसरा अर्थहि ध्यानांत घ्यावा. स्वस्त मिळते म्हणून २०२० पूर्वींची जुनी डिझेल गाडी विकत घेणें, आणि ती रोज सकाळीं अंगणांत दहा मिनिटें चालू ठेवून 'गरम' करणें, हा प्रकार ज्या घरांत दमेकरी आजोबा किंवा लहान मूल आहे, तेथें मुळींच होऊं देऊं नये. चाळींत, वाड्यांत किंवा इमारतीच्या तळमजल्यावर धूर आपल्या खिडकींत नाहीं गेला, तरी शेजाऱ्याच्या जातो. त्याचप्रमाणें नव्या गाडीची गाळणी कटकट देते म्हणून ती काढून टाकून देणारे कारागीर भेटतात. त्यांचें ऐकणें बेकायदेशीर तर आहेच, परंतु आपल्या घरच्या माणसांच्या श्वासाशीं तो द्रोह आहे. बंद गॅरेजमध्यें तर कोणतेंहि इंजिन चालू ठेवूं नये. पेट्रोलच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड ह्या वायूस वास नाहीं, रंग नाहीं, आणि तो जीव घेतो.

तिसरा मार्ग

पेट्रोल व डिझेल ह्यांखेरीज आणखी दोन मार्ग आहेत. सी.एन.जी.चा किलोमीटरमागील खर्च पुष्कळ कमी पडतो आणि मुंबई-पुण्याकडे तो सहज मिळतो. पण त्याची टांकी मागील सामानाची जागा खाते. सात माणसें बसल्यावर आधींच तेथें जागा थोडी. शिवाय पंपावरील रांग आणि दर तीन वर्षांनीं करावयाची टांकीची दाबचाचणी हीं धरून चालावीं. दुसरा मार्ग म्हणजे पेट्रोल इंजिनास विजेच्या मोटरची जोड दिलेली हायब्रिड गाडी. ब्रेक लावतांना वायां जाणारी शक्ति ती बॅटरींत साठविते व गर्दींत तीच वापरते. म्हणून डिझेल जेथें हिरमुसतें त्या शहरी वाहतुकींतच ही खुलते. तिची किंमत मात्र अधिक असते, तेव्हां वरील हिशेबाची रीत तिलाहि लावून पाहावी.

निर्णय कसा करावा

गाडी घेण्यापूर्वीं तीन महिने एक वही घरांत ठेवावी. जुनी गाडी असेल तर तिच्या, नसेल तर रिक्षा-टॅक्सीच्या प्रत्येक फेरीची नोंद तींत करावी : कोण गेलें, कोठें गेलें, किती किलोमीटर झाले. ही वही पुरुषांनीं आपल्या आठवणींवरून भरूं नये. रोजच्या फेऱ्या ज्या करतात, त्या गृहिणींनीं ती भरावी. कारण पुरुषांना गाडी आठवते ती सहलीची, आणि गाडी झिजते ती रोजच्या कामांत. तीन महिन्यांची बेरीज चौपट केली कीं वर्षाचा अंदाज मिळतो. सणावारांचे व मे महिन्याचे प्रवास तेवढे निराळे मिळवावे.

मग असें पाहावें. वर्षाची बेरीज १५,००० किलोमीटरच्या पुष्कळ वर जात असेल आणि निम्म्याहून अधिक धांव हमरस्त्यावरची असेल, तर डिझेल घ्यावें. बेरीज १०,००० च्या आंत असेल, किंवा बहुतेक फेऱ्या चार-पांच किलोमीटरच्याच असतील, तर कोणी कितीहि सांगितलें तरी पेट्रोल घ्यावें. दोहोंच्या मध्यें असाल तर दोन्हीं गाड्या घरच्या सर्व मंडळींसह भरून एखाद्या चढावर चालवून पाहाव्या. मागच्या ओळींत आजींना चढतां येतें का, तेथें आवाज व थरथर किती पोंचते, हें त्यांनाच विचारावें. विक्रेत्याबरोबर एकट्यानें मारलेल्या फेरींत तें कळत नाहीं.

घरांत दोन प्रकारच्या गाड्या असतील तर इंधनाच्या टांकीच्या झांकणावर मोठ्या मराठी अक्षरांत इंधनाचें नांव चिकटवावें. डिझेल गाडींत चुकून पेट्रोल भरलें गेलें, तर इंजिन मुळींच चालू करूं नये. किल्ली न फिरवितां गाडी ओढून कारखान्यांत न्यावी व टांकी उपसून घ्यावी. ही एक गोष्ट घरांतील प्रत्येक चालविणारास ठाऊक असली, तर फार मोठें नुकसान टळतें.

मोठी गाडी ही कुटुंबाची सामाईक मिळकत असते, आणि तिचा खर्चहि सामाईक असतो. तेव्हां तिचा निर्णय दिवाणखान्यांतील दोन मतांवर न सोडतां माजघरांतील वहीवर सोपवावा. त्या वहींत जें इंजिन लिहिलेलें आढळेल, तें आपल्या घरास बहुधा मानवेल. आणि गाडी दारांत आल्यावर 'दुसरी घेतली असती तर' ह्या वादास जागाहि उरणार नाहीं.